हवा बिघडली की मॅनेटी येतात

२१ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेच्या हवामान खात्याच्या मायामी कार्यालयाने लोकांना एक अजब सूचना दिली. रात्री पारा बराच उतरणार आहे, झाडांवरून इग्वाना पडताना दिसले तर दचकू नका. सूचना गमतीची वाटली तरी त्यामागचं शास्त्र खरं होतं. इग्वाना हा थंड रक्ताचा सरडा. कडाक्याचा गारठा पडला की त्याचं अंग लाकडासारखं ताठतं, फांदीवरची पकड सुटते आणि तो धपकन खाली येतो. ऊन चढलं की बहुतेकदा उठून चालू लागतो.

फ्लोरिडाचा हिवाळा असा बेभरवशाचा असतो. जाहिरातींमधलं ऊन खोटं नसतं, पण ते रोज मिळेल याची हमी कोणी देत नाही. १९ जानेवारी १९७७ला खुद्द मायामीत हिमाचे कण पडले. जानेवारी २०२५मध्ये राज्याच्या वायव्य पट्ट्यात विक्रमी बर्फ पडला. एरवीही सकाळी अर्ध्या बाह्यांत फिरणारा माणूस दुसऱ्या दिवशी टोपी आणि मोजे शोधत असतो. नाताळच्या सुट्टीत ओरलँडोला डिस्नीसाठी येणाऱ्या कुटुंबांना, त्यात न्यू जर्सी-टेक्ससची मराठी कुटुंबं आणि त्यांच्याकडे पुण्या-मुंबईहून आलेले आजी-आजोबाही आले, हा गारठा हमखास गाठतो. पाण्यातल्या सहली रद्द होतात, मुलं हिरमुसतात.

एक प्राणी मात्र नेमका याच दिवसांत हमखास भेटतो, तो म्हणजे मॅनेटी. हवा छान असली की तो किनाऱ्यालगतच्या समुद्रात आणि नद्यांमध्ये इतका विखुरलेला असतो की शोधूनही सापडेल याचा नेम नाही. हवा बिघडली की तो ठरावीक झऱ्यांवर गोळा होतो. त्यामुळे मॅनेटी बघायला जायचा बेत इतर सहलींच्या उलट आखावा लागतो. तारीख दुय्यम, पाण्याचं तापमान मुख्य. आणि त्यात एक पेचही आहे, ज्याची कल्पना तिकीट काढताना बहुतेकांना नसते.

आधी प्राण्याची ओळख. फ्लोरिडाचा मॅनेटी साधारण तीन मीटर लांब आणि चार-पाचशे किलो वजनाचा. राखाडी, सुरकुतलेली कातडी, पुढे दोन वल्ह्यांसारखे पाय, मागे गोल पंख्यासारखं शेपूट. पुढच्या वल्ह्यांवर तीन-चार नखं असतात, आणि ती बघितल्यावर याचा जवळचा नातलग हत्ती आहे हे पटायला लागतं. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या मानेत सात मणके असतात, याच्या मानेत सहाच. त्यामुळे त्याला नुसती मान वळवून मागे बघता येत नाही, सगळं अंग वळवावं लागतं. दाढा झिजल्या की पुढून गळतात आणि मागून नव्या सरकत येतात. हा क्रम आयुष्यभर चालतो, कारण वाळूसकट पाणगवत चघळायचं तर दातांचा निकाल लागणारच.

तो पूर्ण शाकाहारी आहे. दिवसातले सहा-आठ तास चरतो. आतडं लांबच लांब, आणि त्यात जिवाणूंच्या मदतीने गवत आंबवून पचवण्याचं काम चालतं. त्यातून पोटात वायू साठतो. तो धरून ठेवून किंवा सोडून मॅनेटी पाण्यात वर-खाली होण्याचं गणित सांभाळतो, असं अभ्यासक सांगतात. सहलीतल्या मुलांना घरी गेल्यावर नेमकी एवढीच गोष्ट आठवते, हा भाग वेगळा.

एवढा धिप्पाड प्राणी थंडीने बेजार कसा होतो? दिसायला तो गुबगुबीत असला तरी व्हेल किंवा सीलसारखा चरबीचा जाड थर त्याच्या अंगावर नसतो. पोट फुगलेलं दिसतं ते आतड्यांमुळे. शिवाय गवतावर जगणाऱ्या या प्राण्याचा चयापचय त्याच्या आकाराच्या मानाने फारच मंद आहे, शरीरातली शेगडी कायम बारीक आचेवर. पाणी २० अंश सेल्सियसच्या खाली गेलं आणि तसंच राहिलं की उष्णता तयार होण्यापेक्षा निघून जाण्याचा वेग वाढतो. मग तो खाणं कमी करतो, पचन मंदावतं, कातडीवर पांढुरके चट्टे उमटतात, अंगात प्रतिकारशक्ती उरत नाही आणि न्यूमोनियासारखे आजार गाठतात. याला तिथले पशुवैद्य ‘कोल्ड स्ट्रेस’ म्हणतात. सर्वाधिक फटका बसतो तो नुकत्याच आईपासून सुटलेल्या पिल्लांना. त्यांचं अंग लहान, म्हणून लवकर गार पडतं, आणि उबदार पाण्याच्या वाटाही अजून पक्क्या पाठ झालेल्या नसतात. २०१०च्या लांबलेल्या थंडीत एकट्या कोल्ड स्ट्रेसने २८०हून अधिक मॅनेटी दगावल्याची नोंद आहे.

याच घराण्यात एक थंडीला सरावलेला प्राणी होऊन गेला. बेरिंग समुद्रातली स्टेलरची समुद्रगाय मॅनेटीच्या कितीतरी पट मोठी होती आणि तिच्या अंगावर चरबीचा जाड थर होता. १७४१मध्ये ती युरोपीय दर्यावर्दींच्या नजरेस पडली आणि १७६८पर्यंत संपलीही. चरबी आणि मांसासाठी तिची शिकार झाली. आज उरलेले सगळे नातलग उष्ण पाण्यातलेच. त्यांतला ड्यूगाँग भारतात कच्छच्या आखातात, अंदमानात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तग धरून आहे. त्याच्यासाठी पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र तमिळनाडूने २०२२मध्ये जाहीर केलं. पण ड्यूगाँग इतका थोडा आणि इतका बुजरा आहे की सहकुटुंब जाऊन त्याला बघण्याची सोय भारतात कुठेच नाही.

फ्लोरिडात ती सोय होते ती जमिनीखालच्या पाण्यामुळे. अख्खं राज्य चुनखडकाच्या जाड थरावर वसलेलं आहे आणि त्या खडकाच्या पोकळ्यांमध्ये प्रचंड जलसाठा आहे. जमिनीत पुरेसं खोल गेलं की दिवस-रात्र, उन्हाळा-हिवाळा हा भेद पुसला जातो आणि पाण्याचं तापमान त्या भागातल्या हवेच्या वार्षिक सरासरीइतकं राहतं. आपल्याकडे विहिरीचं पाणी पौषात कोमट आणि वैशाखात गार लागतं, तीच ही गोष्ट. मध्य फ्लोरिडात ही सरासरी निघते सुमारे २२ अंश सेल्सियस, म्हणजे ७२ फॅरनहाइट. बाहेर दहिवर गोठलेलं असो की घामाच्या धारा लागलेल्या असोत, झऱ्यातून येणारं पाणी २२ अंशांवरच. मॅनेटीला जगायला हवेत २० अंश. थंडीच्या महिन्यांत त्याचं आयुष्य या दोन अंशांच्या फरकावर टिकून असतं.

असे झरे राज्यभर आहेत, पण कुटुंबासह जायचं तर सर्वांत ओळखीचं ठिकाण पश्चिम किनाऱ्यावरचं क्रिस्टल रिव्हर. ओरलँडोहून गाडीने दोन तासांच्या आत, टँपाहून त्याहूनही कमी. इथल्या किंग्ज बे या खाडीच्या तळाशी सत्तरच्या आसपास झरे फुटतात. १९८३मध्ये इथे राष्ट्रीय अभयारण्य झालं, तेही मुख्यतः मॅनेटीसाठीच. खाडीला लागून असलेला थ्री सिस्टर्स स्प्रिंग्ज हा निळ्याशार पाण्याचा तिहेरी झरा. त्याच्या आसपासची जमीन २०१०मध्ये सार्वजनिक मालकीची झाली, नाहीतर तिथे घरं उभी राहायची होती. रीतसर परवानगी असलेल्या बोटीतून जाऊन मॅनेटी असलेल्या पाण्यात उतरता येतं, ते मुख्यतः याच परिसरात.

आता हवेचं गणित. फ्लोरिडाच्या हिवाळ्यात दर आठवडा-दहा दिवसांनी उत्तरेकडून एखादी शीत आघाडी सरकत येते. ती येण्याआधीचा दिवस फसवा असतो. दक्षिणेकडचा वारा, दमट उबारा, लोक समुद्रावर. मग ढगांची एक रांग, पाऊस, कधी गडगडाट. आघाडी पुढे सरकली की वारा फिरून वायव्येचा होतो, आभाळ लख्ख निवळतं आणि एका रात्रीत पारा आठ-दहा अंशांनी खाली येतो. दोन-तीन दिवस हुडहुडी भरते, मग वारा पूर्वेकडे वळतो आणि ऊब परतते.

इथे बहुतेक जण एक बारीकशी गोष्ट विसरतात. हवा एका रात्रीत गार होते, पाण्याला वेळ लागतो. आघाडी गेल्याच्या पहिल्या सकाळी थंडी मी म्हणत असते, पण समुद्राचं पाणी अजून पुरतं उतरलेलं नसतं. मॅनेटींची दाटी होते ती गारठा टिकला तर दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी. आणि ऊब परतल्यावर दुपारी जो पोचतो त्याला झरा बराचसा रिकामा दिसतो, कारण तोवर सगळे भुकेले जीव झऱ्याबाहेर गवत चरायला निघून गेलेले असतात. उबदार झऱ्यात अन्न फारसं नसतं. ऊब आणि पोट यांत त्यांना रोज निवड करावी लागते.

भरती-ओहोटीही बघावी लागते. थ्री सिस्टर्सकडे जाणारी वाट अरुंद आणि उथळ. भरतीला मॅनेटींना आत शिरणं सोपं जातं. आघाडीनंतरचे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे वारे खाडीतलं पाणी बाहेर ढकलतात आणि हिवाळ्यातली ओहोटी मुळातल्यापेक्षा खोल होते, तेव्हा बोटींनाही जपून जावं लागतं. बोटवाल्याने फोन करून उद्या सातऐवजी नऊला या म्हटलं तर त्यात त्याचा आळस नसतो, बहुधा चंद्र-सूर्य आणि वायव्येचा वारा असतो.

आता तो पेच. जितकी थंडी जास्त तितके मॅनेटी जास्त, हे खरं. पण जितकी थंडी जास्त तितकी त्यांना शांतपणे पडून राहण्याची गरजही जास्त. माणूस जवळ आला म्हणून एखादा मॅनेटी उठून गार पाण्यात निघून गेला तर त्याने कष्टाने सांभाळलेली ऊब वाया जाते. म्हणून ऐन कडाक्यात, झरा मॅनेटींनी भरलेला असतो तेव्हा, अभयारण्याचे अधिकारी थ्री सिस्टर्समध्ये पोहणाऱ्यांना मज्जाव करतात. हा निर्णय त्या त्या दिवशी, पाण्याचं तापमान आणि मॅनेटींची संख्या पाहून होतो. १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च हा मॅनेटींचा हंगाम, आणि या काळात खाडीतले काही भाग तरंगत्या फलकांनी आणि दोरांनी वेढून माणसांसाठी पूर्णच बंद असतात. म्हणजे ज्या दिवशी बघायला सर्वांत जास्त मिळतात त्या दिवशी पाण्यात उतरायला मिळेलच असं नाही, आणि ज्या दिवशी खुशाल उतरता येतं त्या दिवशी दोन-चारच भेटतात. ‘आम्ही एवढे पैसे भरले’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, आणि तो चालू नये हेच बरं.

यावर तोडगा सोपा आहे. बेतात दोन भाग ठेवायचे, एक ओला आणि एक कोरडा. थ्री सिस्टर्सभोवती लाकडी पायवाट आहे. पोहणाऱ्यांना बंदी असते त्या दिवशीही तिकीट काढून तिच्यावरून फिरता येतं, आणि वरून दिसणारं दृश्य कित्येकदा पाण्यातल्यापेक्षा सरस असतं. गार सकाळी उबदार पाण्यावर वाफेचे लोट उठतात. त्यांतून एक राखाडी नाकपुडी वर येते, फुस्स असा आवाज होतो, नाकपुडीची झडप मिटते आणि ती पुन्हा खाली जाते. झोपलेला मॅनेटी असा दर काही मिनिटांनी अलगद वर तरंगत येतो, श्वास घेतो आणि पुन्हा तळाशी बसतो. विश्रांतीत असेल तर वीस मिनिटंही दम धरतो. ऊन थोडं चढलं आणि वाफ विरली की तळाची पांढरी वाळू स्वच्छ दिसते आणि तिच्यावर ओळीने पहुडलेले मॅनेटी मोजता येतात. मग लक्षात येतं की जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीवर समांतर पांढऱ्या रेघा आहेत. त्या बोटींच्या पंख्यांच्या जखमा. अभ्यासक याच व्रणांवरून एकेका मॅनेटीला ओळखतात, त्यांना नावं देतात आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवतात.

ओल्या भागाची तयारी करताना २२ अंश या आकड्याला भुलू नये. हवेत २२ म्हणजे सुखद. पाण्यात तसं नाही, कारण पाणी अंगातली उष्णता हवेच्या जवळपास पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. कोकणातला जानेवारीतला समुद्रही यापेक्षा उबदार असतो. वेटसूट हवाच, आणि तो मुलांच्या अंगाला घट्ट बसणारा हवा. ढगळ सुटात गार पाणी आत-बाहेर खेळत राहतं आणि सूट असून नसल्यासारखा होतो. बहुतेक बोटवाले सूट, मास्क आणि श्वासाची नळी देतात. पाण्यापेक्षा खरी परीक्षा बाहेर आल्यावर असते. ओलं अंग, उघडी बोट आणि वायव्येचा वारा. म्हणून बोट ठरवताना एकच प्रश्न आवर्जून विचारावा: बोटीला चारी बाजूंनी पडदे आहेत का आणि आत हीटर आहे का? टॉवेल, लोकरीची टोपी आणि सुकी चड्डी-बनियन वेगळ्या पिशवीत, हाताशी. डबा गोड असो की तिखट, मुलांना लगेच काहीतरी गरम पोटात जायला हवं. हॉट चॉकलेट बऱ्याच बोटींवर मिळतं, पण घरून थर्मासमध्ये आणलेल्या आल्याच्या चहाशी त्याची बरोबरी नाही.

पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांना एक छोटी चित्रफीत दाखवतात, ‘मॅनेटी मॅनर्स’ नावाची. तिचा मथितार्थ एवढाच की आपण पाहुणे आहोत. पाठलाग करायचा नाही, घेरायचं नाही, वर बसायचं नाही, झोपलेल्याला उठवायचं नाही, आई आणि पिल्लाच्या मधे यायचं नाही, खायला-प्यायला काही द्यायचं नाही. स्वतःहून हात लावायचा नाही. १९७२चा सागरी सस्तन प्राण्यांचा संघीय कायदा आणि फ्लोरिडाचा १९७८चा मॅनेटी कायदा या दोन्हींखाली छळणाऱ्याला दंड आणि कैद होऊ शकते. २०१२मध्ये पिनेलस काउंटीतल्या एका किनाऱ्यावर मॅनेटीच्या पाठीवर बसलेल्या बाईचे फोटो पसरले आणि तिच्यावर फौजदारी कारवाई झाली.

पोहायचं म्हणजे खरं तर पोहायचंच नाही. फोमची लांब नळी काखेत धरायची, अंग आडवं ठेवायचं, पाय हलवायचे नाहीत आणि पडून राहायचं. पाय मारले की तळाचा गाळ उसळतो आणि पुढची वीस मिनिटं कोणालाच काही दिसत नाही. म्हणून पहाटेची पहिली बोट चांगली. दहा वाजेपर्यंत गर्दी झाली की पाणी गढूळतं. नवशिक्यांना आणि लहानांना स्थिर राहणं सर्वांत अवघड जातं, तेव्हा मुलांना आदल्या दिवशी हॉटेलच्या तलावात मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायची आणि नुसतं तरंगायची सवय करावी. इतकं केलं तर कधी कधी एखादा मॅनेटी, बहुधा अर्धवट वयाचा, स्वतःच जवळ येतो. त्याची नजर बेताची असते, पण सबंध अंगावर विरळ, जाड केस असतात आणि प्रत्येक केस पाण्यातली हालचाल टिपतो. ओठांवरच्या राठ मिशांनी तो नळी हुंगतो, चाचपतो, मास्कच्या काचेपाशी तोंड आणतो. शाळकरी मूल अशा वेळी श्वास घ्यायचं विसरतं. पालकांनी त्याच्या खांद्याला हळूच स्पर्श करून आठवण करून द्यावी.

खायला न देण्याच्या नियमाला अलीकडे एक अपवाद झाला, तोही सरकारी. पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये वर्षानुवर्षं सांडपाणी आणि खतं मिसळत गेल्याने शेवाळ माजलं, उजेड तळाशी पोचेना आणि पाणगवत मेलं. २०२१मध्ये राज्यात ११००च्या आसपास मॅनेटी मेले, त्यांतले कितीतरी उपासमारीने. तेव्हा केप कॅनव्हरलजवळच्या वीजकेंद्रापाशी गोळा झालेल्या मॅनेटींना दोन हिवाळे लेट्यूस टाकण्यात आलं, पहिल्या हिवाळ्यात ९० टनांहून अधिक, दुसऱ्यात जवळपास दुप्पट. गवत थोडं सावरल्यावर ते बंद केलं. किंग्ज बेमध्ये मात्र स्थानिकांनी तळावरचं शेवाळ उपसून हजारो रोपं लावली आणि ती बऱ्यापैकी धरली. तिथल्या मॅनेटींना आता चरायला फार लांब जावं लागत नाही.

ज्यांना पाण्यात उतरायचंच नाही, त्यांच्यासाठी दोन ठिकाणं आणखी सोयीची. एक, ओरलँडोच्या उत्तरेला तासाभराच्या आतलं ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क. फ्रेंच समुद्रशोधक जाक कूस्तो यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे मॅनेटींवर माहितीपट केला तेव्हा मोजकेच मॅनेटी हिवाळ्याला येत. जानेवारी २०२४मधल्या एका गार सकाळी तिथे ९००हून अधिक मोजले गेले. हंगामात इथे पोहायला पूर्ण बंदी, बघायचं ते काठावरच्या लाकडी वाटेवरून. फाटक सकाळी आठला उघडतं आणि थंडीच्या सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग त्याआधीच लागते. वाहनतळ भरला की फाटक बंद. दुसरं, टँपाच्या दक्षिणेला अपोलो बीचचं मॅनेटी दर्शन केंद्र. ते चक्क बिग बेंड वीजकेंद्राच्या आवारात आहे. केंद्र थंड ठेवण्यासाठी वापरलेलं समुद्राचं पाणी कोमट होऊन कालव्यात परत सोडलं जातं, आणि टँपाचा उपसागर गारठला की मॅनेटी त्या कालव्यात येऊन पडतात. पलीकडे धुराडी, अलीकडे मॅनेटी, असं विचित्र दृश्य. पण प्रवेश फुकट, आजी-आजोबांना चालायला सोपं आणि मुलांना हात लावायला स्टिंगरे माशांचा हौदही आहे. फ्लोरिडातले निम्म्याहून अधिक मॅनेटी हिवाळ्यात अशा वीजकेंद्रांच्या ऊन पाण्यावर विसंबून आहेत. जुनी केंद्रं बंद होतील तेव्हा त्यांचं काय, या प्रश्नाने तिथल्या अधिकाऱ्यांची झोप उडालेली आहे.

आता प्रत्यक्ष बेत. समजा नाताळच्या आठवड्यात सहा जणांचं कुटुंब ओरलँडोत उतरलं आहे: आजी-आजोबा, आई-बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. हवामानाचा अंदाज सांगतो, मंगळवारी संध्याकाळी शीत आघाडी येणार. अशा वेळी सोमवारचा उबदार दिवस उघड्यावरच्या झोपाळ्या-पाळण्यांना द्यावा. मंगळवार पावसाचा, म्हणून छताखालचं काहीतरी. बुधवारी वारा बोचरा आणि पाणी अजून उतरायचं आहे, तेव्हा उशिरापर्यंत झोपावं. गुरुवारी सकाळी साडेसातला सगळ्यांनी मिळून ब्लू स्प्रिंगचं फाटक गाठावं, कारण कोरड्या पायांनी शेकडो मॅनेटी बघायचे तर हाच दिवस. शुक्रवारी किंवा शनिवारी, गारठा किंचित सैल झाला की, क्रिस्टल रिव्हर. पाण्यात बाबा आणि मुलगी. आई बोटीवर. पाच वर्षांच्या मुलाचा निर्णय त्याच दिवशी, त्याचं बोट पाण्यात बुडवून घ्यावा. काही बोटवाले लहानांना वयाची अट घालतात, ते आधीच विचारलेलं बरं. आजीला पोहता येत नसेल तरी चालतं, बऱ्याच बोटी नुसतं बसून बघणाऱ्याचं वेगळं, स्वस्त तिकीट देतात.

तिकीट काढताना दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. एक, हवेमुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख? नुसत्या थंडीसाठी फेरी सहसा रद्द होत नाही. वीज, धुकं आणि जोराचा वारा यांसाठी होते. दोन, थ्री सिस्टर्स पोहणाऱ्यांना बंद असेल तर बोट कुठे नेणार? किंग्ज बेमध्ये इतर झरे आहेत, शेजारच्या होमोसासा नदीतही मॅनेटी येतात, तेव्हा चांगल्या बोटवाल्याकडे याचं उत्तर तयार असतं. आणि सगळंच फिसकटलं तर होमोसासाच्या राज्य उद्यानात पाण्याखाली उतरून काचेतून बघायची एक खोली आहे. तिथे कपडे भिजत नाहीत, भरतीची वाट बघावी लागत नाही आणि थंडीत जंगली मॅनेटी त्या झऱ्यावरही येतात.